तुझ्या कुत्र्याचं नाव काय?

"अगं, हात आहेत की बर्फाच्या लाद्या!" थेल्मा इतक्या जोरात किंचाळली की काठावरची बदकं उडाली.

"हातमोजे घातलेत मी," ओडेट म्हणाली. "आणि ज्या पाण्यात तू आपखुशीनं उतरणार आहेस ना, ते माझ्या हातांहून गार आहे. त्याच्यावर ओरड. मान खाली घाल."

थेल्माने मान खाली घातली. ओडेटने मेंढीच्या लोकरीतून काढलेल्या, गारठा अडवणाऱ्या चरबीचा आणखी एक गोळा बोटांवर घेतला आणि तिच्या मानेला, काखेत, पोशाखाचा पट्टा घासतो तिथे खांद्यावर, निगुतीने चोळला. न्हाण्याआधी बाळाला तेल लावतात तसा, प्रत्येक वळीत बोट घालून. फरक इतकाच की हे बाळ सदुसष्ट वर्षांचं होतं आणि आंघोळीला नाही म्हणायच्या ऐवजी तिची वाट बघत होतं.

विलोबी तळ्यावर अजून धुकं होतं. दोन्ही बाजूंचे उभे कडे अर्धेच दिसत होते, आणि त्यांच्या पायथ्याशी मेपलची झाडं लाल-पिवळी होऊन पेटल्यासारखी उभी होती. सप्टेंबर संपत आला होता. उन्हाळी पाहुणे आपापल्या बोटी झाकून कधीच घरी गेले होते. पाणी फ्रीजमधल्या बाटलीपेक्षा जरा बरं, एवढंच.

"नियम वाचू का?" वेंडलने आपल्या मोटारबोटीतून विचारलं. वेंडलचा उभा जन्म वनखात्यात चोरट्या शिकाऱ्यांच्या मागे धावण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर त्याला धरायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून पोहण्याच्या मंडळाने त्याला निरीक्षक केलं होतं.

"पाठ आहेत," थेल्मा म्हणाली.

"तरी वाचतो. अंगात साधा पोशाख, एक टोपी, एक चष्मा. सुरुवात कोरड्या जमिनीवरून, शेवट कोरड्या जमिनीवर. मधे नावेला हात लावायचा नाही. आणि कुठल्याही जिवंत प्राण्यानं पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. लावला की खेळ खलास."

"'जिवंत प्राणी' असं कुठं लिहिलंय? 'माणूस' लिहिलंय."

"मी वाचतोय ना? मग प्राणी."

"आणि माशांचं काय?"

"माशांना मी ओळखतो. ते कायदा पाळतात. पाळत नाहीत ती माणसं." वेंडलने कागदाची घडी केली आणि थर्मासमधली कॉफी ओतून घेतली. त्याच्या दृष्टीने सकाळचं मुख्य काम झालं होतं.

ओडेटने हातमोजे काढले, कयाक, म्हणजे एका माणसापुरती तिची अरुंद होडी, पाण्यात ढकलली आणि बेतानेच आत बसली. बेतानेच, कारण ओडेट लामोरोला पोहता येत नव्हतं. अकरा वर्षं ती थेल्माच्या शेजारून वल्हं मारत होती, आणि अकरा वर्षं गाव हसत होतं की बुडायची वेळ आलीच तर वाचवणार कोण कुणाला. ओडेट म्हणायची, "मी शाळेची बस चालवते. म्हणून काय मला शाळेत बसायला पाहिजे?"

आणि बस ती चालवत होतीच. पिवळी, खडखडणारी, डोंगराच्या रस्त्याने. मागे चाळीस पोरं कालवा करत असली तरी तिला आरशात न बघता कळायचं की कुणाच्या पोटात ढवळतंय आणि कोण रडायच्या बेतात आहे. त्याच कानाने ती थेल्माचे हात ऐकायची. उजवा जरा जड पडायचा, डावा हलका. धप्प, चप्प. धप्प, चप्प. तो ताल बिघडला की ओडेटची पाठ ताठ व्हायची.

या तळ्याची लांबी थेल्मा कितीदा तरी पोहली होती. पण जाऊन परत येणं, तेही उन्हाळा सरल्यावरच्या पाण्यात, हे तिला एकदाही जमलं नव्हतं. गेल्या वर्षी जमता जमता राहिलं. आणि राहिलं ते ओडेटच्या हातामुळे.

त्याचं असं आहे की गारठा आधी हातापायांत शिरतो आणि मग डोक्यात. डोक्यात शिरला की माणूस हसतमुखाने बुडतो. म्हणून प्रत्येक अर्ध्या तासाला थेल्माला गरम पेय द्यायचं, आणि ते पिऊन होईतो एक साधा प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं तर पुढे. चुकलं तर लगेच दुसरा प्रश्न. दोन्ही चुकली तर ओडेटने हात लावायचा, आणि वेंडलने थेल्माला बोटीत ओढून घ्यायचं. गेल्या वर्षी परतीच्या वाटेवर ओडेटने विचारलं होतं, "आज घरी कशी जाणार?" आणि थेल्मा निळ्या ओठांनी गोड हसून म्हणाली होती, "ऑरिन आलाय ना गाडी घेऊन. तो काय, उभा आहे." ऑरिन म्हणजे थेल्माचा नवरा. त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. ओडेटने दुसरा प्रश्न विचारलाच नाही. सरळ हात लावला.

थेल्माने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट दुसऱ्या दिवशी मेपलच्या पाकाची मोठी बरणी घेऊन आली. "तू हात लावला नसतास तर मी आत्ता माशांना शिकवणी देत असते," म्हणाली. पण ऑरिन दिसला होता त्या दिशेकडे बघताना तिचा जो चेहरा झाला होता, तो ओडेटला हिवाळाभर आठवत राहिला.

म्हणून या वर्षी तिने ठरवलं होतं, आधी थेल्माचं पोहून होऊ दे. मग सांगू.

सांगायचं होतं ते एवढंच, की ओडेट आणि तिचा नवरा रेमों गाव सोडून चालले होते. रेमोंच्या छातीला इथली थंडी सोसेना. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत जा. लेक ॲरिझोनात होती, तिला जुळं झालं होतं, तिने शेजारचंच घर बघून ठेवलं होतं. सगळं मार्च महिन्यातच ठरलं होतं. ऑक्टोबर संपला की निघायचं. ओडेटने बस-कचेरीत सांगितलं, बहिणीला सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं, आणि प्रत्येकाला बजावलं की थेल्माला कळता कामा नये. रोज सकाळी थेल्माच्या घरावरून बस नेताना ती भोंगा वाजवायची, थेल्मा खिडकीतून उलथनं हलवायची, आणि ओडेटला वाटायचं, उद्या सांगू.

त्यात डेप्युटीचा घोर निराळा. डेप्युटी म्हणजे तिचा कुत्रा. काळा-तपकिरी, अस्वलाएवढा, आणि ओडेट सोडून ब्रह्मदेवाचंही न ऐकणारा. ॲरिझोनातल्या त्या वसाहतीत कुत्रा चालत नव्हता. "बघतो मी काहीतरी," असं रेमों उन्हाळाभर म्हणत होता. बघत तर काही नव्हता. नुसता रोज संध्याकाळी कुत्र्याला फिरायला न्यायचा. जो माणूस फाटकापर्यंत टपाल आणायला जायचा नाही, तो तास-तास फिरायला लागला होता. आणि डेप्युटी परत यायचा तेव्हा त्याच्या मिशांना तळलेल्या बेकनचा वास यायचा. ओडेटला वाटलं, नवरा चोरून खातोय. डॉक्टरांनी बंद केलं होतं ना.

"चला!" वेंडलने शिट्टी वाजवली. थेल्मा पाण्यात चालत गेली, मांड्यांपर्यंत आल्यावर एक करकरीत शिवी हासडली, आणि झोकून दिलं.

जातानाचा प्रवास लोण्यासारखा झाला. धुकं वर गेलं, कडे पूर्ण दिसायला लागले. ओडेट दर अर्ध्या तासाला बाटलीतलं पेय, गरम पाणी आणि मेपलचा पाक, आपल्या मनगटावर टाकून बघायची, आणि मग दोरीला बांधलेली बाटली थेल्माकडे फेकायची. थेल्मा पाण्यात पाय मारत, उभ्याने तरंगत पिऊन घ्यायची.

"गावच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवरून पडलं कोण?"

"वेंडल. दोनदा."

"एकदाच!" मोटारबोटीतून आवाज आला.

पुढच्या वेळी, "माझ्या बसचं पुढचं चाक कुणी पंक्चर केलं होतं?"

"तूच. आणि आळ घातलास साळिंदरावर." थेल्माने बाटली फेकून दिली आणि पुन्हा डोकं पाण्यात घातलं. धप्प, चप्प.

दक्षिणेच्या टोकाला ती जमिनीवर चढली, नियमाप्रमाणे दोन पावलं कोरड्यात टाकली, वेंडलला लष्करी सलाम ठोकला आणि पुन्हा आत शिरली.

परतीला वारा समोरून आला. बारक्या, आखूड लाटा, तोंडावर चापट्या मारणाऱ्या. ऊन कड्यामागे गेलं आणि सावलीतलं पाणी शिशासारखं दिसायला लागलं. गेल्या वर्षी ऑरिन इथेच कुठेतरी गाडी घेऊन उभा होता. ओडेटने त्या बाजूला बघायचं टाळलं. तिने बाटली फेकली. थेल्माची बोटं ताठरून पसरली होती, झाकण तिने दातांनी उघडलं. हनुवटी थडथड उडत होती.

ओडेटने सगळ्यांत सोपा प्रश्न काढला. मुद्दाम. "तुझ्या कुत्र्याचं नाव काय?"

थेल्माकडे टॉफी नावाची बहिरी, लठ्ठ कुत्री होती. सगळ्या गावाला माहीत होती.

थेल्माने पिणं थांबवलं. "कुठल्या?"

ओडेटने बाटलीची दोरी घट्ट धरली. "कुठल्या म्हणजे? एकच तर आहे तुझ्याकडे."

"दोन आहेत," थेल्मा म्हणाली. शब्द जिभेला चिकटत होते. "टॉफी. आणि डेप्युटी." तिने बाटली टाकली आणि निघून गेली.

"ऐकलं मी!" वेंडल बोटीत उठून उभा राहिला. कॉफी सांडली. "दोन-दोन दिसायला लागले तिला! संपलं, ओडेट. बाहेर काढ."

"दुसरा प्रश्न राहिलाय."

"गेल्या वर्षी कुठं विचारला होतास?"

वल्हं मारत ओडेट थेल्माच्या खांद्याजवळ आली. हात ऐकले. धप्प, चप्प. धप्प, चप्प. गेल्या वर्षी आधी ताल गेला होता, मग ऑरिन आला होता. आज ताल जागेवर होता. पण म्हणून काय? कुत्रा मैत्रिणीचा, आणि ही म्हणते माझा. बसमधलं एखादं पोर असंच शांतपणे भलतं काहीतरी बोलतं आणि दहा मिनिटांत तापाने फणफणतं. हात लावला तर थेल्माचं शेवटचं वर्ष बुडालं. पुढच्या सप्टेंबरला ओडेट नसणार. आणि नाही लावला, तर थेल्माच नसली तर?

तिने शिट्टी वाजवली. एकदा, दोनदा. थेल्मा थांबली आणि चष्म्यातून तिच्याकडे बघायला लागली. ओडेटने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, कयाक कलली तरी तशीच बाहेर वाकली आणि उजवा हात थेल्माच्या खांद्याच्या अगदी वर धरला. वीतभर अंतर असेल, नसेल.

"थेल्मा. नीट ऐक. डेप्युटी कुणाचा कुत्रा?"

"तुझा."

ओडेटने श्वास सोडला.

"ऑक्टोबर संपेतो," थेल्मा पुढे म्हणाली. दात वाजत होते, पण डोळे चष्म्याआड स्वच्छ होते, आणि त्यांत चक्क राग होता. "नंतर माझा. ॲरिझोनात कुत्रा चालत नाही म्हणे. रेमोंनं सांगितलं. जूनमधे. रोज संध्याकाळी घेऊन येतो, सवय व्हावी म्हणून. मी शपथ घेतली होती, तू सांगेपर्यंत बोलणार नाही म्हणून. तर तू बाई प्रश्नच असला विचारलास. गार पाण्यात खोटं बोलता येत नाही मला. आता हात मागे घे. बोलून बोलून गारठले मी."

आणि ती निघाली.

ओडेटचा हात तसाच हवेत राहिला. तिच्या डोक्यात एकामागून एक दिवे लागत गेले. तास-तास फिरणं. बेकन. खिडकीतलं ते उलथनं.

"काय म्हणाली?" वेंडल ओरडला. "काढू का बाहेर?"

ओडेट हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, कयाक इतकी डुलायला लागली की तिला दोन्ही कडा धरून बसावं लागलं.

"बरोबर आहे!" ती ओरडली. "उत्तर बरोबर आहे, वेंडल! प्रश्नच जुना झाला होता!"

"म्हणजे तिच्याकडे दोन कुत्रे आहेत?"

"आहेत!"

"मग मंडळाला कळवायला नको का," वेंडल पुटपुटत खाली बसला आणि सांडलेल्या कॉफीकडे दुःखाने बघायला लागला.

यानंतर विलोबी तळ्यावर जे भांडण झालं तसं कुणी पूर्वी केलं नसेल. कारण ते अर्ध्या अर्ध्या तासाच्या हप्त्यांनी झालं. एक बोलायची आणि डोकं पाण्यात घालायची. दुसरीने अर्धा तास उत्तर घोळवत वल्हं मारायचं.

"मला शेवटी सांगणार होतीस?" थेल्माने बाटली झेलत विचारलं. "पाद्रीबाबाला आधी? तो माणूस दर रविवारी माझं नाव चुकतो!" आणि डुबकी.

अर्ध्या तासाने ओडेट म्हणाली, "तुझं पोहणं होऊ दे म्हणून थांबले. मनात गाठ घेऊन पोहली असतीस तर बुडाली असतीस."

"गाठ घेऊनच पोहत होते ना जूनपासून! तू कधी सांगतेस, कधी सांगतेस! ते ओझं धरलंस तर मी दोनदा जाऊन आले या तळ्यातून." पुन्हा डुबकी. मग लगेच डोकं वर. "पाक कमी पडलाय यात!"

"पाक तुझाच आहे!"

"मग हात तुझा कंजूष!"

त्याच्या पुढच्या वेळी दोघींपैकी कुणी भांडलं नाही. थेल्मा खूप थकली होती. तिचे ओठ निळे दिसत होते, पण ताल शाबूत होता. ओडेटने विचारलं, "पुढल्या वर्षी तुझ्या बाजूला वल्हं कोण मारणार?" हा तपासणीचा प्रश्न नव्हता. तिच्या तोंडून निसटला.

थेल्माने शेवटचा घोट घेतला. "कुणी नाही. झालं आता. पुढल्या वर्षी मी कुत्र्यांना फिरवणार." मग बाटली टाकताना म्हणाली, "तिथं पाणी आहे का, ॲरिझोनात?"

"नळाला येतं म्हणे."

थेल्मा हसली, पाणी नाकात गेलं, खोकली, आणि खोकत खोकतच पुढे गेली.

उत्तरेचा काठ दिसायला लागला तेव्हा ऊन पुन्हा पाण्यावर आलं होतं. वाळूवर दहा-बारा माणसं जमली होती. गावाच्या मानाने ती गर्दीच. रेमों घोंगडी खांद्यावर टाकून उभा होता. एका हातात सफरचंदाच्या रसातल्या डोनटांची पिशवी, दुसऱ्या हातात डेप्युटीचा पट्टा. म्हणजे होता, आत्ताआत्तापर्यंत. थेल्माचे पाय तळाला लागले, ती धडपडत उभी राहिली, आणि तेवढ्यात रेमोंचा हात डोनटांच्या पिशवीत गेला. पट्टा सुटला.

डेप्युटी पाण्यात घुसला. शेपूट, कान, सगळं उधळत, सरळ थेल्माच्या रोखाने.

"कुठलाही जिवंत प्राणी!" वेंडलने बोटीतून आरोळी ठोकली. "हात लावला की खलास!"

"पंजा म्हण, मूर्खा!" काठावरून कुणीतरी ओरडलं.

ओडेट अजून खोल पाण्यात, कयाकमधे अडकलेली. थेल्मा गुडघाभर पाण्यात, वाऱ्याने हलणाऱ्या खांबासारखी. तिला साधं बाजूला होण्याचंही त्राण नव्हतं. कोरडी वाळू चार पावलांवर होती, आणि कुत्रा दोन उड्यांवर. ओडेटने छातीत श्वास भरला. या कुत्र्याला थांबवू शकेल असा आवाज जगात एकच होता. तिने तोंड उघडलं.

"डेप्युटी," थेल्मा म्हणाली. ओरडली नाही. ओरडायला आवाजच नव्हता. घरात, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून बोलावं तसं बोलली. "बस."

डेप्युटी थांबला. आणि पाण्यातच, पोटापर्यंत बुडत, बसला. कान मागे, डोळे थेल्मावर.

थेल्मा त्याच्या शेजारून गेली. एक पाऊल. दुसरं. वाळूवर तिचे दोन्ही पाय कोरड्यात पडले तेव्हा वेंडलने शिट्टी फुंकली ती फुंकतच राहिला. लोक ओरडले, रेमोंने घोंगडी टाकली, डोनट सांडले. थेल्माने हात मांडीवर थापटला, आणि मगच कुत्रा उठला आणि तिच्याकडे धावला.

ओडेटचं तोंड अजून उघडंच होतं. तिने ते मिटलं.

कयाक वाळूला लागली. ती उतरली, वल्हं आत ठेवलं, रिकाम्या बाटलीची दोरी सावकाश मनगटाभोवती गुंडाळून घेतली. गर्दीतून थेल्माचा आवाज आला, "ओडेट! कुठं उलथलीस? आता तरी हात लाव की मला! गारठून मरतेय मी!"

"आले, आले," ओडेट म्हणाली. खाली वाकून तिने ओल्या वाळूवर डेप्युटीच्या गळ्यातून निसटून पडलेला पट्टा उचलला, त्याचं पाणी पिळून काढलं, नीट घडी केली आणि थेल्माच्या पिशवीत ठेवला. मग हातमोजे न घालता तिच्याकडे गेली.